मांडीचं कातडं

"घागर ठेव खाली! पाण्याले शिवू नको!" कौशल्याबाई ओसरीवरून कडाडली.

सुनेनं, गोजरानं, घागर खाली ठेवली. गेल्या वर्षी रॉकेलची चिमणी भडकून तिचं तोंड भाजलं होतं. जीव वाचला, पण जखमा भरताना कातडी आखडली आणि दोन्ही डोळ्यांच्या पापण्या वर ओढल्या गेल्या. डोळे झोपेतही उघडेच! नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्याच मांडीची पातळ कातडी काढून उजव्या पापणीवर बसवली. तो डोळा मिटू लागला. डावा राहिला होता. "पावसाळ्याआधी आणा, नाहीतर हा डोळा सुकून जाईल," असं डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, इंद्रभानला बजावलं होतं.

इंद्रभाननं घरी येऊन ही हकिकत मोठ्या कौतुकानं सांगितली. तिथंच घात झाला!

"कमरेखालचं कातडं तोंडाले लावलं? अन् त्याच तोंडानं ही माह्या नातवाचा पापा घेईन?" कौशल्याबाईनं कपाळ बडवून घेतलं. गोजराचं ताट गोठ्याजवळ गेलं. दोन वर्षांचं पोर तिच्यापासून तोडलं. नागपूरचं नाव काढायची सोय उरली नाही. वडनेर गावानं त्यात तिखटमीठ घातलं; आपल्या गावांना ही विद्या शिकवावी लागत नाही! चिमणी भडकली तेव्हा ज्या बायका घराबाहेर निघाल्या नाहीत, त्या आता विहिरीवर गोजराला पाहून पदर सावरून बाजूला होत. आणि इंद्रभान? चार बुकं शिकलेला हा गडी आईपुढे मान खाली घालून बसला. अशा नवऱ्याला काय जाळायचंय!

मृग गेला, आर्द्रा लागल्या. गोजराचा डावा डोळा लालभडक झाला. ती त्यावर ओलं फडकं धरून बसायची.

अशात कौशल्याबाईची थोरली बहीण मनकर्णाबाई सोनाळ्याहून आली. सुनेला गोठ्याजवळ जेवताना पाहून तिनं कारण विचारलं. कौशल्याबाईनं सगळं सांगितलं. तेव्हा नातू तिच्याच मांडीवर झोपला होता.

"कौशले, तुह्या मांडीवर कोन निजलं हाय?"

"कोन म्हंजे? माहा नातू."

"मांडी कमरेखालीच हाय ना? मंग त्याचं तोंड बाटलं नाई?"

"लेकराचं काय घेऊन बसली बाई!"

"बरं, आपली माय गेली, तवा तिचं डोकं कोनाच्या मांडीवर होतं? तुह्याच ना? तसंच तू तिच्या तोंडात गंगेचं पानी घातलं. तवा मांडी चालली, अन् सुनीचा डोळा वाचवाले तिचीच मांडी चालत नाई. काऊन व?"

कौशल्याबाईनं खाली पाहिलं. पोराचा गाल तिच्या मांडीला चिकटला होता, लाळ लुगड्यावर ओघळली होती. अरे देवा! हे आपण काय करून बसलो! ती उठली, गोठ्याजवळ गेली आणि पोर गोजराच्या ओटीत घातलं.

"इंद्रभान, बैल जुंप! नांदुऱ्याले नागपूरची रेल्वे गाठाची हाय!"

दवाखान्यात ती डॉक्टरांसमोर हात जोडून उभी राहिली. "तिचं काऊन कापता साहेब? माह्या मांडीचं घ्या."

"दुसऱ्याची कातडी टिकत नाही, बाई. तिचीच लागते."

डावी पापणीही झाली. पण उशीर झाला होता. बुबुळावर फूल पडलं होतं. त्या डोळ्यानं गोजराला लेकराचं तोंड धुरकटच दिसणार होतं.

परतीच्या गाडीत ती सासूच्या मांडीवर डोकं ठेवून, दोन्ही डोळे मिटून झोपली. समोरच्या बाईनं तिच्या तोंडाकडे टक लावून विचारलं, "काय झालं हिले?"

"लेक हाय माही. निजू द्या तिले," कौशल्याबाई म्हणाली आणि रडू लागली.

बंधूंनो, भगिनींनो, गोजराच्या डोळ्यातलं ते फूल आगीनं पाडलेलं नाही. ते आपल्या सोवळ्यानं पाडलं आहे! तुमच्या गावात अशी एखादी लेकसून असेल, तर तिला आधी दवाखान्यात न्या. विटाळ मोजायला पुढे सगळा जन्म पडला आहे.