काटा हिरव्यात येईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. दरवाजा म्हटलं की तुम्हाला आठवतं ते उघडणं, लोटणं, वाऱ्यानं धाडकन आपटणं. माझं तसं नव्हतं. मला घडवलं तेच मुळी बंद राहण्यासाठी. वीतभर जाड पोलाद, मधोमध बसच्या स्टिअरिंगएवढं चाक, छातीवर ताटलीएवढी गोल काच आणि चारी बाजूंनी काळं रबर. माया-ममता माझ्यात कुणी भरलेली नाही. तेव्हा जे पाहिलं ते तसंच सांगतो. हसायचं की रडायचं ते तुमचं तुम्ही बघा.

माझा जन्म झाला तो भाजीपाल्याच्या थंड कोठारांचे दरवाजे बनवणाऱ्या कारखान्यात. माझे भाऊबंद कोबी-गाजरं राखायला गेले. मला रंग देणारा कारागीर मात्र म्हणाला, "हा माणसं राखणार आहे." मग मला ट्रकवर घालून एका ओसाड माळावर नेलं. तिथे उपड्या वाटीसारखं एक पांढरं घर उभं होतं. माणसाला एक ना एक दिवस दुसऱ्या ग्रहावर जाऊन राहायचं आहे, तर आधी इथेच तसं राहून बघू, म्हणून ते बांधलेलं. लग्नाआधीची रंगीत तालीम म्हणा. मी त्या घराचा बाहेरचा दरवाजा. माझा जुळा भाऊ आतल्या अंगाला, आणि आम्हा दोघांच्या मध्ये कपाटाएवढी एक खोली.

आत चार माणसं राहणार होती. तारा, दिवे, यंत्रं सांभाळणारी वायरवाली, डॉक्टरबाई, बटाटे पिकवणारे बटाटेबुवा, आणि दगडमातीचे जाणकार, सगळ्यांचे प्रमुख, त्यांना बाकीचे पाठीमागे दगडोबा म्हणत. चौघांनी वर्षभर असं वागायचं की बाहेर हवाच नाही. बाहेर जायचं तर मधल्या खोलीत येऊन जाडजूड पोशाख चढवायचा, डोक्यावर टोप घालायचा. मग सोबत्यानं पोशाखाच्या शिवणींवरून बोटं फिरवून म्हणायचं, "घट्ट." मग भिंतीवरची कळ दाबायची. एक काटा तांबड्यातून हिरव्याकडे सरकू लागे. चहाला उकळी फुटायला लागतो तेवढा वेळ. काटा हिरव्यात आला की मगच माझ्या चाकाला हात.

आता गंमत ऐका. हे सगळं खोटं होतं. माझ्या दोन्ही अंगांना तीच हवा होती, जी तुम्ही आत्ता घेताय. काट्याचा हवेशी संबंध नव्हता, तो नुसता घड्याळासारखा चालायचा. पोशाखातला पंखा आजूबाजूचीच हवा आत ओढायचा. मला कुलूपसुद्धा नव्हतं. बाहेरून कुणी पोरानं ओढलं असतं तरी मी उघडलो असतो.

सुरुवातीलाच नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. घर बंद केलं, आतली हवा मोजली, तर ती कुठून तरी निसटत होती. सगळे हैराण झाले. वायरवालीनं माझ्या रबरावरून बोट फिरवत फिरवत एक लांबसडक केस काढला. चौघांची डोकी तर बारीक कापलेली. केस तिच्या मुलीचा होता. निघताना पोरगी गळ्यात पडली होती, तेव्हा तो आईच्या लोकरी बनियनला चिकटून आत आला असावा. दगडोबा म्हणाले, "बाई, तिथे एवढ्याशा केसानं चार जीव जातील." वायरवालीनं तो केस गुंडाळून अवजारांच्या पेटीत ठेवला, आणि त्या दिवसापासून मला लावण्याआधी रबरावरून बोट फिरवायची तिला सवयच लागली.

मुलीचे वडील नव्हते. ती आत्याकडे राहायची. ही आत्या म्हणजे वायरवालीची नणंद, तोंडाची फटकळ. तालमीत जो पास होईल त्याला खऱ्या यानात जागा मिळणार होती, आणि तिथे गेलं की परत यायची सोय नव्हती. तेव्हा वायरवालीपुढे प्रश्न एकच होता: ग्रह की पोरगी. ती दोन्हींसाठी झुरत होती. पोरगी विचारायची, "आई, तू जाणार का?" आई म्हणायची, "आधी पास तर होऊ दे."

बोलणंही सरळ नव्हतं. त्या ग्रहावरून निरोप पोचायला वेळ लागतो, म्हणून इथेही निरोप मुद्दाम अडवून ठेवत. पोरगी कळवी, 'माझा दात पडला.' आई विचारी, 'कुठला?' तो प्रश्न पोचेपर्यंत पोरगी झोपलेली असायची.

आत दिवस कसे गेले ते मधल्या खोलीतल्या गप्पांवरून मला कळे. पाणी तेच तेच गाळून प्यायचं. डॉक्टरबाई म्हणत, "कालचं जे होतं तेच आजच्या चहात, तोंडं वाकडी करू नका." तिकडे वजन हलकं, हाडं ठिसूळ होणार, उन्हातले घातक किरण अडवायला वर हवेची गोधडी नाही, मातीत विषारी क्षार. बटाटेबुवांनी तशी माती बनवून तीत बटाटे लावले होते. आले ते गोट्यांएवढे. "पी हळद नि हो गोरी असं शेतीत होत नाही," असं म्हणून त्यांनी ते सालासकट खाल्ले.

रविवारी घरची माणसं लांबवर बांधलेल्या दोरीच्या पलीकडे येऊन हात हलवत. बटाटेबुवा एकदा पोशाख घालून दोरीपर्यंत गेले आणि आत्याला समजावू लागले, "ताई, गावानं एकाच विहिरीवर भरवसा ठेवू नये. दुसरी खणून ठेवावी. पृथ्वीला काही झालं तर?"

"खणा की," आत्या म्हणाली. "पण पहिलीचा गाळ कोण काढणार? आणि दुसरी खणायला आमच्याच घरातलं माणूस कशाला?"

बुवा टोपातल्या टोपात हसले आणि परत आले.

वर्ष संपत आलेलं असताना एका रविवारी दगडोबा आणि बुवा पोशाख घालून दूरच्या उतारावर दगड गोळा करायला गेले होते. घरात दोघीच होत्या. बॅटऱ्यांच्या खोलीत तारेनं पेट घेतला. वायरवालीनं वीज तोडली, आगीवर पावडर मारली, आग विझली. पण तारांची वेष्टनं जळून काळा धूर झाला होता. डॉक्टरबाईंना धरून ती मधल्या खोलीत आली, आतलं दार लावलं. धूर त्यांच्याबरोबर आलाच.

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? मला धक्का दिला असता आणि बाहेर पडला असता. तिनं खुंटीवरचा पोशाख काढला. खोकणाऱ्या डॉक्टरबाईंचे हात त्यात कोंबले, टोप बसवला. मग स्वतःचा घातला. डॉक्टरबाईंच्या शिवणींवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "घट्ट." कळ दाबली. माझ्या चाकावर हात ठेवला आणि काट्याकडे बघत उभी राहिली. टोपातले पंखे खोलीतला धूर इमानेइतबारे दोघींच्या नाकात सोडत होते. डॉक्टरबाई खाली कोसळल्या. काटा तांबड्यात होता. वायरवालीचा चाकावरचा हात हलला नाही.

मित्रांनो, मी दरवाजा. मला हलता येत नाही, बोलता येत नाही. एरवी मला त्याचं काही वाटत नाही. त्या दिवशी वाटलं.

पोरीला घेऊन दोरीपाशी आलेल्या आत्यानं घराच्या माथ्यावरच्या झडपेतून धूर निघताना पाहिला. पोरीला तिथेच उभं करून, दोरी ओलांडून ती चपला हातात घेऊन धावत आली आणि बाहेरून मला ओढलं. मी उघडलो. तिनं डॉक्टरबाईंना काखेत हात घालून फरफटत बाहेर काढलं, मग भावजयीला कॉलरला धरून. दोघींचे टोप उपटून फेकले. डॉक्टरबाई ओकल्या, मग श्वास घेऊ लागल्या.

"वहिनी, अगं दार आहे की भिंत? नुसतं ढकलायचं होतं."

वायरवाली खोकत खोकत म्हणाली, "वन्सं, काटा हिरव्यात आला नव्हता."

"काटा गेला खड्ड्यात," आत्या म्हणाली, आणि मटकन खाली बसून रडू लागली.

तेवढ्यात उतारावरून दगडोबा आणि बुवा पोशाखातच धापा टाकत आले. दोघी उघड्या डोक्यानं बसलेल्या बघून दगडोबांचा चेहरा पांढराफटक पडला. पडलेला टोप उचलून ते डॉक्टरबाईंच्या डोक्यात घालू लागले. आत्यानं तो हिसकावून घेतला. "ह्यांचंही डोकं फिरलंय," ती म्हणाली. दगडोबा मग कितीतरी वेळ आपल्या हातांकडे बघत बसले.

चौकशी झाली. मोठे लोक आले, माझं चाक, माझ्या कड्या तपासल्या. त्यांना त्या धुराचं वाईट वाटलं, पण तिच्या थांबण्याचं फार कौतुक वाटलं. जीव कासावीस झाला तरी नियम मोडला नाही, अशीच माणसं तिकडे टिकतील, असं त्यांचं म्हणणं. यानासाठी पहिली निवड वायरवालीचीच झाली.

ते कळल्यावर ती माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली. मुलगी शेजारी, आत्या उभी.

"मी नाही म्हणून सांगणार आहे," वायरवाली मुलीला म्हणाली. "मला लाज वाटते गं. तू दोरीपाशी उभी होतीस. हाकेच्या अंतरावर. आणि मी तुला साफ विसरले होते. पृथ्वी विसरले. फक्त काटा दिसत होता."

आत्या म्हणाली, "तिकडे दार ओढायला मी नसणार, एवढं लक्षात ठेव."

मुलगी बराच वेळ माझ्या रबराशी चाळा करत होती. मग म्हणाली, "पण आई, तिकडे तर तेच बरोबर ना? तिकडे काट्याच्या आधी दार उघडलं तर तू मरशील."

"हो."

"मग तिकडे मला विसरत जा. दाराशी असताना तरी."

आत्यानं तोंड फिरवलं. वायरवालीनं मुलीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकून बसून राहिली. रडली. मी मोजत नाही, पण माझी सावली पार दुसऱ्या बाजूला गेली तोवर तिघी तिथेच होत्या.

ती गेली. जाताना अवजारांची पेटी घेऊन गेली.

माझं काम संपलं. गरज सरो नि वैद्य मरो, माझ्याकडे बघायला येणारेही बंद झाले. माळावर वाळू उडायची, ती माझ्या रबरात बसायची. रबराला भेगा पडल्या, चाक गंजलं. ज्याला पुसणारं बोट नाही तो दरवाजा म्हणजे नुसतं लोखंड, हे मला तेव्हा कळलं. मग कुणाला तरी सुबुद्धी झाली. मला, माझ्या भावाला आणि मधल्या खोलीला उचलून शहरातल्या मुलांच्या विज्ञानघरात आणलं. तुमच्यासारखी मुलं एका बाजूनं येतात, दुसऱ्या बाजूनं जातात.

मुलांना आत-बाहेर नेणारी ती बाई आहे ना, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली, ती तीच पोरगी. आता चाळिशीला आली. गटामागून गट येतात, आणि ती दर वेळी माझ्या रबरावरून बोट फिरवते, "घट्ट" म्हणते, कळ दाबते आणि थांबते. मुलं कंटाळतात. परवा एकीनं विचारलं, "बाहेर तर हवाच आहे. मग थांबायचं कशाला?"

"तुला आहे," ती म्हणाली. "माझ्या आईला नाही."

आईचा निरोप अजून येतो. खराच उशिरा येतो आता. बटाटे अंड्याएवढे व्हायला लागलेत, गुडघे दुखतात, घरात आता वीस माणसं आहेत आणि एक तान्हं बाळ. शेवटी दर वेळी एकच ओळ असते: 'दाराशी थांबले की तुला विसरते. दार लागलं की आठवते.'

मित्रांनो, मी जुना झालोय, म्हणून एक मागणं मागतो. माझ्या रबरावर काही अडकलेलं दिसलं तर काढा, साधा केस असला तरी. आणि विज्ञानघरातून बाहेर पडल्यावर घराचं दार नुसत्या धक्क्यानं उघडाल, तेव्हा एक मोठा श्वास घ्या. आपल्याला तो न थांबता मिळतो. त्या हवेला जपा, तिच्या पलीकडून आपल्याला ओढून काढायला कुणी आत्या उभी नाही.

रोज दुपारी आत्या डबा घेऊन येते. काठी टेकत येते, कान गेलेत, पण फटकळपणा शाबूत आहे. काचेतून भाची दिसते, तशी ती ओरडते, "अगं ढकल की. भाजी निवतेय."

भाची आतून हात करते, आणि काट्याकडे बघत उभी राहते. आत्या पुटपुटते, डबा खाली ठेवते आणि बाहेरून माझ्या चाकावर हात ठेवून थांबते. ओढत मात्र नाही.