लाल चिमटा

संयोगिता खोटं बोलते, असं तिच्या बाईंनी वहीत लिहून दिलं. "घरातली गाडी आपोआप पळते असं वर्गात सांगते. मुलं हसतात. एकदा समुपदेशकांना दाखवून घ्यावं." खाली सही. पोर पाच वर्षांची. पुणं सोडून शिवाजी पेठेत सासरी राहायला येऊन आम्हाला दोनच महिने झालेले. मी त्याच दुपारी फोन करून शनिवारी पाचची वेळ घेतली, आणि तोवर तिच्यावर नीट लक्ष ठेवायचं ठरवलं.

ती गाडी माझ्या सासऱ्यांची, आण्णांची. रिमोटवरची रेसिंगची गाडी, जवळपास माझ्या नवऱ्याच्या वयाची, कुणीतरी दुबईहून आणून दिलेली. वरचं कवच केव्हाच फुटलंय, त्या जागी आण्णांनी तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून बसवलाय. रिमोटला हातभर अँटेना आणि तिच्या टोकाला एक लाल चिंधी बांधलेली. दृष्ट लागू नये म्हणून असेल, असं मी धरून चालले होते.

राजवर्धननं, माझ्या नवऱ्यानं, लेकीच्या वाढदिवसाला नवी गाडी आणलीये. तिला कॅमेरा आहे, ती मोबाइलवर चालते. पण फक्त त्याच्याच मोबाइलवर, त्यामुळे तो कामावर गेला की ती खोक्यात. संयोगिताही तिच्याकडे ढुंकून बघत नाही. तिला ती पत्र्याचीच पाहिजे. का, ते मला कळत नव्हतं.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आण्णा नणंदेकडे जयसिंगपूरला गेले, तेव्हा ती गाडी नातीच्या ताब्यात देऊन गेले. जाताना तिच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगत होते.

मंगळवारी चारच्या सुमाराला मी पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. श्रावणातलं ऊन, जेवढं मिळेल तेवढं घ्यायचं. खाली आमच्या बंद गल्लीत संयोगिता पायरीवर बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, रिमोट शेजारी. आणि गाडी निघाली. गल्लीच्या टोकाच्या नळकोंडाळ्यापर्यंत सरळ गेली, त्याला वळसा घातला, परत आली आणि तिच्या पायाशी थांबली.

मी वरून विचारलं, कशी चालवलीस?

"मी नाही चालवली. आता माझी पाळी नाहीये."

"मग कुणाची आहे?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण छान चालवतात."

बुधवारी मी रिमोटमधले सेल काढून डाळीच्या डब्यात ठेवले. चार वाजता गाडी तरीही पळाली. मी बी.एस्सी. झालेली बाई, तरी सेल डाळीच्या डब्यातच आहेत ना, ते दोनदा बघून आले. गुरुवारी मी तिचं दप्तर, फ्रॉकचे खिसे, उशीखालची जागा, सगळं धुंडाळलं. दुसरा रिमोट कुठं लपवलाय म्हणून. काही मिळालं नाही. माझीच मला लाज वाटत होती, तरी हात थांबत नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळी तिला समोर बसवलं आणि खरं सांग म्हणून पुन्हा पुन्हा विचारत राहिले. रागावले नाही, आवाजही चढवला नाही. फक्त विचारत राहिले. शेवटी ती म्हणाली, "मीच चालवली." मला क्षणभर हायसं वाटलं. मग दिसलं की ती माझ्या तोंडाकडे बघतेय, उत्तर बरोबर आलं का ते. आधीचं खरं होतं की खोटं, मला ठाऊक नव्हतं. पण हे खोटं होतं, एवढं कळत होतं.



शनिवारी चार वाजता आण्णांना फोन केला. सगळं सांगितलं, बाईंची चिठ्ठी, पाचची वेळ, काही गाळलं नाही. ते ऐकून घेऊन म्हणाले, "लाल चिमटा कुठं हाय?"

मला रागच आला. म्हटलं, आण्णा, मी तुमच्या नातीबद्दल बोलतेय.

"व्हय गं, मी बी तिच्याबद्दलच बोलतोय की. गॅलरीत खिळ्याला लाल चिमटा असतोय. कुठं हाय?"

तारेवर होता. या आठवड्यात चिमटे कमी पडले म्हणून मीच घेतला होता. आत्ताही त्याला संयोगिताचा फ्रॉक लटकत होता. आण्णा म्हणाले, काढून खिळ्याला लाव आणि खाली बघ.

मी चिमटा काढला. गल्लीच्या मध्यावर पळणारी गाडी जागच्या जागी थांबली. परत तारेला लावला, गाडी निघाली. काढला, थांबली. मी कितीदा तसं केलं कोण जाणे.

"सूनबाई, एकदा काय ते ठरीव की," समोरच्या दुसऱ्या मजल्यावरून बाईचा आवाज आला. "चाललेल्या गाडीला किती बरेक मारायला लावतीस?"

समोरच्या गॅलरीत आडोशाला टांगलेली चटई बाजूला झाली. बिबीजान चाचींनी ती धरली होती आणि मागं खुर्चीत त्यांचे मालक, इलाही चाचा. मांडीवर तसाच रिमोट. अँटेनाला तशीच लाल चिंधी.

मग चाचींनी गॅलरीतूनच सगळं सांगितलं. तरुणपणी दोघा मित्रांनी हौसेनं दोन गाड्या मागवल्या, हुबेहूब एकसारख्या. तालमीपुढं शर्यत लावली, सगळी पेठ गोळा झाली. आणि एकानं रिमोट दाबला की दोन्ही गाड्या पळायला लागल्या. सिग्नल एकच, त्याचीच खूण म्हणून दोन्हीकडं एका रंगाची चिंधी. लोक पोट धरून हसले. त्यानंतर दोघांनी पाळ्या लावल्या, एकानं चालवायची, दुसऱ्यानं घड्याळ बघायचं. पुढं चाचांची गाडी मोडली, रिमोट राहिला. गेल्या वर्षी साखरेपायी त्यांचा पाय काढला, तेव्हापासून ते खाली उतरलेले नाहीत. आण्णा रोज चारला गाडी गल्लीत ठेवतात आणि चाचांची पाळी आली की चिमटा तारेला लावतात. चिमटा तारेवर असला की आपली पाळी नाही, एवढंच जाताना नातीच्या कानात सांगून गेले असणार.

म्हणजे आठवडाभर त्यांना पाळी मी देत होते.

मी चाचांना विचारलं, एवढ्या वर्षांत नवी का नाही घेतली?

"नवी एकाचंच ऐकती," चाचा म्हणाले. "ही कुणाचंबी ऐकती."

गाडीनं कुणाचंही ऐकणं हा गुण की दोष, ते मला तेव्हाही कळलं नाही, अजूनही कळत नाही.

मी खाली जाऊन पायरीवर बसले. संयोगिताला म्हटलं, गाडी तू चालवली नव्हतीस. तू खरं सांगत होतीस.

तिनं विचार केला. "मग काल मी खोटं बोलले?"

"हो. मी बोलायला लावलं. सोमवारी बाईंना मीच सांगीन."

 मी तिथूनच समुपदेशकांकडं फोन लावला. वेळ रद्द करायची म्हटल्यावर तिकडच्या मुलीनं विचारलं, कारण काय लिहू?  मुलगी बरी आहे म्हणावं, तर मग आजारी कोण होतं?

एवढ्यात गाडी नळकोंडाळ्याला वळसा घालून आली आणि आम्हा दोघींच्या पायाशी थांबली. समोर चाचांनी रिमोट खाली ठेवला.

"आई, वर जा ना," संयोगितानं माझा पदर ओढला. "चिमटा काढ आणि सेल आण. आता माझी पाळी."

फोनवरची मुलगी अजून हॅलो, हॅलो करत होती. तो तसाच कानाला धरून मी जिना चढायला लागले.