चोवीस पत्रे

खोपोलीच्या कारखान्यांच्या हवेत लोखंड किती गंजते, याचा अभ्यास मुंबई आणि जर्मनीतील दोन विद्यापीठे मिळून करीत होती. त्याकरिता मोरूच्या परसात चोवीस लोखंडी पत्रे दोन वर्षे उघड्यावर मांडलेले होते. त्यांना कोणी हात लावू नये, एवढे पाहणे हे मोरूचे काम. त्यामागील कारण त्याने कधी विचारले नव्हते.

जर्मन प्राध्यापक स्वतः येणार असे कळले, तेव्हा मोरूला त्या तांबरलेल्या पत्र्यांची लाज वाटू लागली. त्याने बायकोला हाक मारली.

"शकू, चिंच नि राख आण गं. भांडी घासतेस तसं घासू."

"हात लावू नका म्हनलेत नं?"

"लोकांनी लावू नये, म्हनून. पावण्याम्होरं अशी घाण ठेवायची?"

दोघांनी मिळून पत्रे लखलखीत केले.

दुसऱ्या दिवशी ते पाहून जर्मन साहेब मटकन खाली बसले. मुंबईचे प्राध्यापक दाभाडकर हताशपणे म्हणाले, "अहो, तो गंजच तर मोजायचा होता! दोन वर्षे फुकट गेली. कोणी केले हे?"

मोरूच्या तोंडून निघून गेले, "बायकोनं, साहेब. अडाणी हाय ती."

शकू चहा घेऊन दारातच उभी होती. तिने नवऱ्याकडे एकवार पाहिले.

"व्हय साहेब, माझंच चुकलं. चा घ्या."

मोरूची मान खाली गेली. "न्हाय साहेब, मीच लावलं तिला घासाया," असे तो अखेरीस बोलला. परंतु तोवर शकू आत निघून गेली होती, आणि साहेबांपेक्षा तिनेच ते ऐकावयास हवे होते.