जमिनीने धरलेला ट्रॅक्टर

"ट्रॅक्टर फळ्यांवर चढवल्याशिवाय इंजिन बंद करायचं नाही," पेपेने डेलियाला सांगून ठेवलं होतं. "आधी साखळ्यांतला चिखल खरवडायचा, मग फळ्यांवर घ्यायचा, मग बंद. थंडीत जमीन धरून ठेवते त्याला."

डेलियाने हो हो म्हटलं आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. खरं तर काळजी करण्यात तिचा हात धरील असं त्या डोंगरावर दुसरं कुणी नव्हतं. चौदा महिन्यांची जूनी झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चाललाय ना ते बघणारी ही बाई. जुन्या रंगात शिसं असतं म्हणून ऑरिनला, नवऱ्याला, ती कोठारातून आल्यावर पडवीतच कपडे बदलायला लावायची. कॉलेजात जीवशास्त्र शिकलेली. त्यामुळे इतरांना नुसती भीती वाटते तिथे हिला तिचं शास्त्रीय नावही ठाऊक. पण पेपेचे नियमच मुळी पन्नास होते. हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, नाहीतर इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट मोडतं. शुक्रवारी नवं काम हाती घ्यायचं नाही. फळ्यांचा नियम तिने त्या शुक्रवारच्या रांगेत बसवला.

पेपे म्हणजे आल्सिड जर्व्हे, वय वर्षं एक्याऐंशी. त्याचे वाडवडील कॅनडातून व्हरमाँटच्या या डोंगरात आलेले फ्रेंच, म्हणून सगळं गाव त्याला पेपे, म्हणजे त्यांच्या बोलीत आजोबा, म्हणायचं. रस्त्याच्या अगदी वरच्या टोकाला त्याचं घर, त्याखाली अर्ध्या मैलावर डेलियाचं, आणि आणखी अर्धा मैल खाली पूल. रस्त्यावरचं बर्फ सारणारी सरकारी बर्फगाडी पुलाशी यायची आणि वळून जायची. तिथून वरचा रस्ता ज्याचा त्याने मोकळा करायचा.

ट्रॅक्टर पेपेच्या बापाचा, अठ्ठेचाळीस सालचा. चाकं नाहीत, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांच्या साखळ्या. मेपलच्या रानात रसाची पिंपं ओढता ओढता एका वसंतात बंद पडला तो तिथेच राहिला. ऑरिनला तो दाखवला तेव्हा साखळी आणि सांगाडा यांच्या फटीतून बर्चचं झाड वर आलं होतं, चांगलं मांडीएवढं जाड.

"घेऊन जा," पेपे म्हणाला. "झाड फुकट."

ऑरिनने ते झाड कापलं आणि त्याच्याच लाकडाच्या मुठी दोन्ही दांड्यांना बसवल्या. उजवा ओढला की यंत्र उजवीकडे वळतं, डावा ओढला की डावीकडे. पण वळण्याची गोष्ट फार पुढची. इंजिन गंजून एक दगड झालं होतं. ऑरिनने चारही सिलिंडरांत पातळ तेल ओतलं आणि रोज संध्याकाळी, विजेच्या तारांचं काम आटपून आला की, लांब पहारीने ते हलवून बघायचा. पेपे खुर्ची टाकून बसायचा. डेलिया जूनीला कडेवर घेऊन दारात. कोठाराच्या जमिनीवर तिने खडूची रेघ मारली होती, यंत्रापासून वीस फुटांवर. त्या रेघेपलीकडे बाळ जाणार नाही म्हणजे नाही.

एकोणिसाव्या संध्याकाळी ऑरिन पहार धरून एकदम थांबला. "हललं," तो हळूच म्हणाला, जसं काही मोठ्याने बोललं तर परत रुसेल.

हललं होतं केसभर. पण पेपे खुर्चीतून उठला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. चाळीस वर्षं झाडाला मिठीत घेऊन बसलेलं लोखंड, आणि आत कुठेतरी ते अजून जागं होतं.

मग हिवाळ्याआधी ट्रॅक्टर घरच्या कामाचा करायची घाई. मोडीत गेलेल्या बर्फगाडीचं रुंद पातं पुढे बसलं. बॅटरीवर सुरू होणारी मोटर बसली. डेलियाच्या मागण्या वेगळ्याच: डोक्यावर पोलादी छत हवं, बाजूंना कठडे हवेत, आणि चालवणाऱ्याच्या कमरेला एक दोरी, म्हणजे तो पडला तर बटण निघून इंजिन तिथल्या तिथे बंद.

"ट्रॅक्टर करताय की पाळणा?" पेपेने विचारलं.

"तुम्ही पडलात तर बटण कोण दाबणार, पेपे?"

"मी पडत नाही. मी बसतो."

जुन्या तंबूच्या जाड कापडाची झूल मात्र तिने स्वतः शिवली. इंजिनाभोवती ती बांधली की गरम वारा मागे चालवणाऱ्याच्या पायांशी येतो. पहिल्यांदा इंजिन लागलं त्या दिवशी धुराड्यातून आधी उंदराचं घरटं उडालं, मग काळा धूर, आणि मग तो आवाज आला. तो कानांत कमी, तळपायांत जास्त ऐकू येत होता. जूनी रडेल म्हणून डेलियाने तिला छातीशी आवळलं, तर पोर डोळे विस्फारून बघतेय. नोव्हेंबरात ऑरिनने तिला चालवायला शिकवलं. दगडी बांधावरून यंत्र असं गेलं, जशी मुंगी खडीवरून जाते. खाली उतरायचं सोडून डेलियाने आणखी एक फेरी मारली, आणि भीती वाटली नाही याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

जानेवारीत अवेळी ऊब आली, पाऊस पडला, रस्त्यावर बर्फाचा चिखल झाला. दक्षिणेकडे विजेच्या तारा तुटल्या म्हणून ऑरिन तीन दिवस तिकडे गेला होता. पेपे खाली येऊन जूनीजवळ बसला आणि डेलियाने रस्ता खरवडला. परत आली तर स्वयंपाकघरातून बाळाचा रडण्याचा आवाज. दाढ येत होती. तिने यंत्र होतं तिथेच, कोठाराच्या फाटकाशी चिखलात थांबवलं, इंजिन बंद केलं आणि आत धावली. पेपे मागच्या पायवाटेने अंधार पडायच्या आत वर गेला.

संध्याकाळपासून वारा फिरला. सकाळी डेलिया उठली तर वीज नव्हती, विजेवर चालणारा फोन मुका, मोबाइलला त्या डोंगरात रेंज नव्हतीच, बाहेर मांडीपर्यंत ताजं बर्फ आणि पारा शून्याखाली अठरा. ती नेहमीप्रमाणे खिडकीशी गेली. रोज उजाडता उजाडता फरच्या झाडांच्या शेंड्यांवर पेपेच्या धुराड्याचा धूर दिसायचा. आज आभाळ कोरं होतं.

झोपला असेल, तिने स्वतःला सांगितलं. एवढ्या सकाळी कशाला जाऊन म्हाताऱ्याला लाजवायचं. त्या संकोचात अर्धा तास गेला. आभाळ कोरंच राहिलं.

तिने जूनीला पाळण्यात ठेवलं आणि कोठाराकडे गेली. इंजिन दुसऱ्या खेपेला लागलं. पातं उचललं, क्लच हळूच सोडला. यंत्र कण्हलं, घोड्यासारखं अंगभर शहारलं, पण जागचं हललं नाही. ती उतरली, बर्फ उकरलं आणि बघत राहिली. साखळ्यांत भरलेला चिखल आणि खालची जमीन मिळून एकच काळा खडक झाला होता. जोर लावला असता तर क्लच जळला असता. पेपेचं वाक्य तिला शब्दन् शब्द आठवलं.

बाळाला पाठीला बांधून चालत जावं? अर्धा मैल चढ, मांडीपर्यंत बर्फ. वाटेत आपणच पडलो तर? आणि वर तो पडलेला सापडला तर नुसत्या दोन हातांनी काय करणार?

गरम पाणी ओतायचं नाही, ते पुन्हा गोठतं, एवढं तिला कळत होतं. तिने केकची भांडी, पावाचे साचे, जे पत्र्याचं मिळेल ते काढलं, शेगडीतले निखारे भरले आणि बर्फ उकरून साखळ्यांखाली सरकवले. बर्फाने भरलेली बादली शेजारी ठेवली, कारण वर पेट्रोलची टाकी होती आणि ती शेवटी डेलियाच होती. झूल सोडून जमिनीपर्यंत खाली आणली, म्हणजे चालू इंजिनाचा गरम वारा तिथेच कोंडेल. मग पहार. पाच मिनिटं ठोकायचं, धावत जाऊन पाळणा बघायचा, नवे निखारे आणायचे. दीड तास. डाव्या साखळीने बंदुकीसारखा आवाज केला आणि सुटली. थोड्या वेळाने उजवी.

आता बाळ. तिने जूनीच्या कानांत लोकर घातली, दोन टोप्या चढवल्या, तिला छातीशी बांधलं आणि वरून ऑरिनचा कोट घातला. वीस फुटांचा तिचा नियम तिने स्वतःच मोडला.

पुढचा अर्धा मैल डेलियाला शब्दांत सांगता येत नाही. जिथे माणूस कमरेपर्यंत रुतला असता, तिथे ते जुनं लोखंड चालण्याच्या वेगाने, न घाई करता, न थांबता चढत होतं. पात्यावरून बर्फाची लाट उलटून बाजूला पडायची आणि मागे काळी वाट उघडायची. फांद्यांवरचं बर्फ त्या घरघरीने गळून छतावर पडत होतं. तिच्या बापाच्या जन्माआधी कुणीतरी गिअरचे हे दात कापले होते, हे खिळे ठोकले होते. ती माणसं मातीत गेली आणि त्यांचं काम तिला आणि तिच्या लेकीला डोंगरावर नेत होतं. छातीशी जूनी इंजिनाच्या तालावर झोपून गेली होती.

पेपे स्वयंपाकघरात जमिनीवर होता. लाकडं घ्यायला उठला आणि पडला. पाय विचित्र वळलेला. खालची सतरंजी ओढून त्याने अंगावर घेतली होती. ओठ निळे.

"पोरीला त्याच्यावरून आणलीस?" तो पुटपुटला. "अक्कल गहाण ठेवलीस का?"

"बोलू नका, पेपे."

"बोललो नाही तर मेलो समजशील."

भिंतीवर त्याचा जुना तारेचा फोन होता, वीज नसतानाही चालणारा. पडल्या जागेवरून त्याच्या हातापासून चार फूट उंच. तिने गावच्या बचाव पथकाला लावला.

"पुलापर्यंत येतो आम्ही," पलीकडचा माणूस म्हणाला. "वरचा रस्ता बंद असेल. तिकडे पातं कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे," डेलिया म्हणाली.

तिने शेगडी पेटवली, घरातली सगळी पांघरुणं त्याच्यावर घातली.

"पोरीला ठेव इथे," पेपे म्हणाला. "मी कुठे पळतोय?"

"ती माझ्याबरोबर."

"बरं. इंजिन चालूच ठेव, म्हणजे मला ऐकू येईल कुठवर गेलीस ते."

ती पुलापर्यंत रस्ता उघडत गेली. तिथे रुग्णवाहिकेजवळ तिघे गडी उभे होते. आधी पातं दिसलं, मग छत, मग कोटातून डोकावणारी बाळाची टोपी. त्यांच्यातला सगळ्यांत मोठा म्हणाला, "हा जर्व्हेंचा ना? मी शाळेत असताना मेला होता हा." डेलियाने जागच्या जागी यंत्र वळवलं आणि ते तिच्या मागे वर आले.

डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड जुळेल. अंग मात्र आणखी तासाभराने गार पडलं असतं. पेपे आता वसंतापर्यंत गावातल्या शुश्रूषागृहात आहे आणि तिथल्या कॉफीला नावं ठेवतोय. ऑरिनने विचारलं, तेव्हा डेलियाने त्याला साखळ्या सोडवायला लागलेल्या दीड तासाचं सगळं सांगितलं. खिडकीतल्या अर्ध्या तासाचं सांगायला तिला आठवडा लागला. दीड तास तिची चूक होती आणि ती तिने हातांनी निस्तरली. अर्धा तास मात्र नुसता संकोच होता.

म्हणून हे वाचणाऱ्याकडे तिचं एक मागणं आहे. तुमच्या वाटेच्या टोकाला कुणी एकटं राहत असेल आणि आज त्याच्या घरी रोजचं काही दिसलं नसेल, दिवा, धूर, वाळत घातलेले कपडे, तर फोन करून समाधान मानू नका. फोनवर सगळी म्हातारी माणसं ठणठणीत असतात. आत्ता उठा आणि जाऊन बघून या.