चार वाजेपर्यंतचा आवाज

धाकटीच्या लग्नाच्या संध्याकाळी गाणी कोण वाजवणार, यावरून घरात आठवडाभर धुसफूस चालली होती. शेवटी आदल्या रात्री दादाने निकाल दिला.

"चार वाजता मी हॉलवर येतो. आवाज आला तर तू वाजव. नाही आला तर मी लाउडस्पीकरवाल्याला फोन करणार. मग कुरकुर नको."

"चारच्या आधी करणार नाहीस ना?"

"सांगितलं ना चार म्हणून!"

ज्या बहिणीला हे ऐकवलं जात होतं, तिला घरात सगळे भोंगा म्हणत. ती शाळेची बस चालवायची. चाळीस पोरांच्या कलकलाटावर ओरडून ओरडून तिचा आवाज असा कमावला गेला होता की ती हळू बोलली तरी शेजारचे खिडकी उघडून बघत. त्या घरात कामं कधीच वाटली गेली होती. दादाने ठरवायचं, धाकटीने लाड करून घ्यायचे आणि भोंग्याने माणसं आणायची, सोडायची, परत आणायची. चुलत-मावस मिळून घरातल्या अकरा लग्नांत तिने एकही लग्न धड आत बसून पाहिलं नव्हतं. कुठल्या तरी आत्याला आणायला ती नेमकी त्याच वेळी रस्त्यावर असायची.

म्हणून या वेळी तिने नवशिक्यांसाठी मिळतो तो डीजेचा संच घेतला होता. दोन गोल थाळ्या, मध्ये सरकपट्ट्या, असा तो कंट्रोलर. तीन महिने सकाळची फेरी झाली की ती रिकाम्या बसमध्ये शेवटच्या बाकावर बसायची, कंट्रोलर मांडीवर, लॅपटॉप शेजारी, कानाला हेडफोन. एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात ती अशी अलगद शिरायला शिकली होती, जशी वळणावर झोपलेलं पोर जागं न करता बस वळवावी. फक्त एक गोष्ट तिने कधी केली नव्हती. स्पीकर कधी जोडले नव्हते. बसमध्ये ते जोडणार कुठे?

दुपारी दोनला ती हॉलवर पोचली. सोबत बाबा होते. स्पीकर भाड्याने आणले होते, प्रत्येकाला आपापली वीज लागणारे आणि पाठीवर आवाजाचं बटण असलेले. तपासायला म्हणून तिने ते मंचावर जवळजवळ ठेवले, बटणं अर्ध्यावर नेली, मध्ये खुर्ची टाकून बाबांना बसवलं आणि लांब वायर ओढत समोरच्या टेबलापाशी आली. गाणं लावलं. आवाज आला, पण लॅपटॉपच्या पोटातून, डबीत अडकलेल्या माशीसारखा.

हे कोडं तिने स्वतःच सोडवलं. हेडफोन नेहमी लॅपटॉपलाच लावायची सवय, त्यामुळे लॅपटॉपला वाटत होतं की आवाज आपणच काढायचा आहे. सेटिंगमध्ये जाऊन तिने आवाज कंट्रोलरकडे वळवला. लॅपटॉप गप्प झाला. कंट्रोलरवरचे हिरवे दिवे तालात वरखाली नाचू लागले. आणि स्पीकर? स्पीकर दोन मुक्या जावांसारखे तिच्याकडे बघत उभे.

"बाबा, काही येतंय का?"

बाबांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे बाबांनाही ठाऊक नसावं. अडतीस वर्षं कारखान्याच्या बॉयलरखान्यात काढलेले ते कान. लेकीचा भोंगाही त्यांना अर्धाच पोचायचा.

ती मंचावर गेली. स्पीकरची बटणं शून्यावर! "हे कसं झालं?" म्हणत तिने दोन्ही अर्ध्यावर आणली आणि धावत टेबलापाशी आली. गाणं लावलं. दिवे नाचले. आवाज नाही. मग कंट्रोलरच्या मागे डोकं घातलं. लाल-पांढऱ्या भोकांच्या दोन जोड्या होत्या आणि वायर नको त्या जोडीत होती. शिव्या घालत तिने ती 'मास्टर' लिहिलेल्या जोडीत खुपसली. दिवे नाचले. आवाज नाही. हेडफोन कंट्रोलरला लावून पाहिले, त्यात गाणं स्वच्छ येत होतं. म्हणजे दुखणं पुढे. वायर बदलली. सरकपट्टी वर, आणखी वर, शेवटपर्यंत वर. नाही म्हणजे नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी तिने कंट्रोलर जिथून घेतला त्या दुकानदाराला फोन लावला.

"ताई, स्पीकरच्या मागचं बटण बघा."

"बघितलं! अर्ध्यावर केलंय मी, या हातांनी!"

"परत बघा ना."

"मी आंधळी आहे का? कसलं सामान विकता हो तुम्ही? माझ्या बहिणीचं लग्न आहे इथे!"

"ताई, फोन जरा लांब धरता का? माझं गिऱ्हाईक घाबरलंय."

तिने फोन आपटला. राग डोक्यात नुसता उकळत होता. दुकानदारावर, वायरवर, दादावर आणि अकरा लग्नांवर. देवाने रागाला एवढं मोठं तोंड दिलं, कान मात्र द्यायचे राहून गेले. नाहीतर तिला तेव्हाच कळलं असतं.

कळलं ते निव्वळ नजरेने. ती परत मंचावर गेली तेव्हा बटणं पुन्हा शून्यावर होती. तिने ती पुन्हा वाढवली, चार पावलं गेली आणि सहज मागे पाहिलं. बाबा खुर्चीतून वाकले. एक हात डाव्या स्पीकरच्या पाठीमागे, मग उजव्या. कच्च, कच्च. आणि हात मांडीवर ठेवून पुन्हा समाधी.

"बाबा!"

हे मात्र त्यांना ऐकू आलं.

"तुम्ही बंद करताय? तासभर मी इथे डोकं फोडून घेतेय, आणि तुम्ही?"

"तू चालू ठेवून गेलीस," बाबा शांतपणे म्हणाले. "हात काढला की शून्यावर आणायचं. चालू ठेवून जात नाहीत."

"हा बॉयलर नाही! चौदा वर्षं झाली तुमचा बॉयलर भंगारात जाऊन! तुम्हाला कोणी सांगितलं हात लावायला?"

बाबांचा चेहरा पडला. त्यांनी हात मागे घेतले आणि आपल्याच बगलेत कोंबले, मार बसलेल्या मुलासारखे. तिला दिसलं, पण थांबते ती भोंगा कसली! तणतणत तिने दोन्ही बटणं एका झटक्यात पूर्ण फिरवली.

टेबलावरची सरकपट्टी तिने मघाशी शेवटपर्यंत चढवून ठेवली होती, गाणंही चालूच होतं. जो आवाज सुटला, त्याने खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि मांडलेल्या खुर्च्यांमधून झाडूवाली बाई झाडू टाकून बाहेर पळाली. भोंगा दोन्ही कान धरून खाली बसली. बाबांचे हात बगलेतून निघाले आणि न चुकता बटणांवर गेले. कच्च, कच्च.

शांतता झाली. बाबा म्हणाले, "आमच्याकडे एकाची दोन बोटं गेली होती. कोणीतरी चालू ठेवून गेलं म्हणून."

"तुम्ही बरोबर होता, बाबा," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "पण सांगायचं तरी!"

"तू मला बोलू कधी दिलंस?"

दोघांनी मिळून नीट केलं. तिने सरकपट्टी खाली आणली, त्यांनी बटणं सावकाश अर्ध्यावर नेली, मग तिने पट्टी वर केली. आवाज आला. भरलेला, गोल, छातीला हात लावणारा. एका गाण्यातून ती दुसऱ्यात शिरली, आणि बाबांचा पाय हलला. घड्याळात साडेतीन वाजले होते.

तेवढ्यात दारात टेम्पो लागला. दोन माणसं माणसाएवढाले स्पीकर उतरवू लागली आणि पाठोपाठ दादा आत आला.

"हे कोण?" तिने विचारलं.

लाउडस्पीकरवाल्यानेच उत्तर दिलं. "साहेबांनी सोमवारीच सांगून ठेवलंय ना!"

सोमवारी. म्हणजे निकाल देण्याच्याही आधी. भोंग्याने गाणं थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज इतका खाली आला की दादाला दोन पावलं पुढे यावं लागलं.

"चार वाजता, म्हणाला होतास."

"अगं, खबरदारी म्हणून. ऐन वेळी फजिती नको. तू म्हणजे… तुला तर माहितीये."

"काय माहितीये? बोल."

"बरं, चालतंय ना तुझं? झालं तर मग. आधी तू वाजव थोडा वेळ, नंतर हे वाजवतील. तेवढ्यात तू मामींना आणायला जाशील."

"मामींना तू आण."

"मी?"

"गाडी तुलाही येते. आणि यांना तू बोलावलंस, तर परत पाठवायचंही तूच. काय सांगणार आहेस त्यांना? माझ्यासमोर सांग."

लाउडस्पीकरवाला स्पीकर अर्धवट उचलून उभा होता. "साहेब, उतरवू की ठेवू? हात भरून आलेत."

दादाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी आज काही ऐकू न येण्याचा पक्का निश्चय केलेला दिसत होता. दादाने घसा खाकरला.

"नको आता. इकडे… ही वाजवणार आहे."

"ही कोण?" भोंगा म्हणाली.

"माझी बहीण."

"किती वेळ?"

दादाचे कान लाल झाले. "पूर्ण कार्यक्रम," तो म्हणाला.

लाउडस्पीकरवाल्याने भोंग्याला मान लववली, धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला लववावी तशी, आणि सामान परत चढवायला लागला. दादा गाडीच्या किल्ल्या शोधत खिसे चाचपू लागला. तिच्या मनात अजून सगळा सोमवार पेटलेला होता. तो इतक्यात विझणार नव्हता आणि तिला तो विझवायचाही नव्हता. तिने हेडफोन एका कानाला लावला, थाळीवर हात ठेवला आणि पुढचं गाणं शोधायला लागली.