केशरबाईची गढी

केशरबाईची गढी हा किल्ला नाही, असं सरकारनं ठरवलं. पण ते अजून झालेलंच नाही, असं धरून चालू. तूर्त पुरातत्त्वाचे साहेब गढीवर आहेत आणि त्यांचा चहा केशरबाईच्या हातात.

गढी म्हणजे अनसिंगपलीकडच्या एका खेड्यात शाळेमागचा उंचवटा. बुरूज नाही, भिंत नाही. शेळ्यांना मात्र तो किल्लाच वाटतो. ठेकेदाराला रस्त्याच्या भरावासाठी तो हवा होता. जेसीबी पायथ्याशीच उभा होता. साहेब ‘जुना किल्ला’ म्हणाले, तरच तो परत जाणार होता.

साहेबांनी खड्डा खणवला. वर काळी माती. खाली काळी माती. आणखी खाली एक प्लास्टिकची चप्पल.

“बाई, गढीची माती पांढरी असते. ती कुठंय?”

“ते काय.” केशरबाईनं गावाकडे हात केला. “समद्याईच्या घरावर. धाब्यावर पांढरी माती टाकली का पानी गळत नाही, साहेब.”

“मग हे काय आहे?”

“वावरातली माती. आमच्या बुढ्यानं कायदाच केला होता. एक टोपली पांढरी न्याची, त एक टोपली काळी आनून टाकाची. बुढा गेला, मंग मी बसली इथं राखन.”

“पण कशासाठी?”

“माह्या आजेसासऱ्याले ह्या गढीच्या दारात उभं राहू देत नव्हते. आमची बारी आली, त गढीच सरून राह्यली होती. मंग आमी उभं कुठी राहाव?”

साहेब हसले नाहीत. त्यांनी चप्पल नमुना म्हणून पिशवीत घातली.

“आजी, किल्ला आहे. पण तो तुम्ही बांधलाय. आमच्याकडं नवा चालत नाही.”

साहेबांची जीप गेली. जेसीबी सुरू झाला. केशरबाई चढावर मधोमध मांडी घालून बसली आणि वाशीमला नोकरीवर असलेल्या मुलाला फोन लावला.

“प्रसेनजित, एक अर्ज लिही. अन् कचेरीच्या भाषेत लिही बाप्पा, माह्या नोको.”

खाली मदनसिंग ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

“काहून रे, थांबला काहून?” ठेकेदार ओरडला.

“डिझल सरलं.”

टाकी भरलेली होती. मदनसिंगच्या घरावर गढीचीच माती होती.

अर्ज संध्याकाळी गेला: ‘सदर किल्ला अद्याप नवा असल्याचे अर्जदारास मान्य आहे. तरी मेहेरबान साहेबांनी चारशे वर्षांनी फेरपाहणीस यावे, ही नम्र विनंती. तोवर अर्जदार जागेवर हजर आहे.’