राजूर घाटातले एकशे सात

महामायाबाईंच्या गल्लीत त्या गाडीला ‘मोटरहोम’ असं कुणी म्हणत नसे. कुणी ‘चाकावरचं घर’ म्हणे, कुणी ‘देवानंदभाऊची एसटी’. शेजारच्या बेबीताई तर अंगण झाडता झाडता रोज विचारत, “काय वं माया, तुह्या सवतीची आंघोळ झाली का?” त्यांचंही खोटं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून देवानंद त्या गाडीला जितकं पुसत होता, तितकं त्यानं उभ्या संसारात एक ताटसुद्धा पुसलं नव्हतं.

गाडी मूळची एका शाळेची, डिझेलवर चालणारी मिनीबस. आतली बाकडी काढून त्यानं दोन खाटा, शेगडीचा ओटा आणि पाण्याची टाकी बसवून घेतली होती. मागच्या कोपऱ्यात बुद्धमूर्तीसाठी एक फळी होती. महामायाबाईंनी मागून घेतलं ते तेवढंच. बेत असा होता की कार्तिक पौर्णिमा झाली की निघायचं. सांची, सारनाथ, बोधगया. एसटीच्या स्टेअरिंगवर हयात घालवलेला माणूस म्हणाला होता, “लोकाईले पोचवता पोचवता जल्म गेला. आता तुले नेतो.” त्या दिवशी संध्याकाळच्या वंदनेला महामायाबाईंचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोकळा लागला होता.

हरकत होती ती लेकीची. संजीवनी नागपूरच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात नर्स. दोन वर्षांपूर्वी भरली गाडी चालवताना बापाच्या छातीत कळ आली होती. रस्त्यात थांबायचं सोडून, ‘पित्त आहे’ म्हणत तो डेपोपर्यंत आला, प्रवासी उतरवले आणि मग पायरीवरच बसला. छातीत स्प्रिंग टाकावी लागली. आता डॉक्टर म्हणत होते, खुशाल फिरा. लेक म्हणत नव्हती.

दसऱ्याला ती आली तेव्हा तिच्या पिशवीत तळहाताएवढा एक पडदा होता. स्टेअरिंगखालच्या खाचेत त्याची वायर खोचली की इंजिन किती गरम आहे, तेलाचा दाब किती, बॅटरी कशी, सगळं आकड्यांत दिसायला लागे. काचेजवळ तो चिकटवून ती म्हणाली, “बाबा, आमच्याकडं पेशंट हसून बोलत असतो आणि मॉनिटर वेगळंच सांगत असतो. मी मॉनिटरवर भरोसा ठेवते.”

“मी कानानं गाडी चालोतो, पोरी. इंजन मले स्वतः सांगते.”

“छातीनं सांगितलं होतं तेव्हा ऐकलं का?”

मग तिनं अट सांगितली. एकदा राजूरचा घाट उतरून, पुन्हा चढून दाखवायचा. इंजिनाची गरमी एकशे पाचच्या वर गेली, तर बोधगयेचं नाव काढायचं नाही. “आणि आकडा मी आईला विचारणार. तुम्हाला नाही.”

ते का, हे सगळ्यांना ठाऊक होतं. महामायाबाई रोज पहाटे पंचशील घेत. वर्षावासाच्या तीन पावसाळी महिन्यांत दर पौर्णिमेला अष्टशील पाळत, दुपारनंतर अन्नाला शिवत नसत. हळू बोलणारी बाई, पण त्यांच्या तोंडून कधी गंमतीतसुद्धा खोटं निघालेलं कुणी ऐकलं नव्हतं.

आश्विन पौर्णिमेला, वर्षावास संपायच्या दिवशी, दोघं निघाले. घाट उतरून मोताळ्याला, तिथून रोहिणखेडला देवानंदच्या थोरल्या बहिणीकडं, आणि परत. महामायाबाई शेजारच्या सीटवर पदर सावरून बसल्या होत्या, नजर पडद्यावर.

“ब्याऐंशी,” त्या म्हणाल्या. मग मोताळ्याच्या सपाट रस्त्यावर, “सत्त्याऐंशी.”

“तू तं कंडक्टर झाली वं. तिकिटं फाडायचीच बाकी राह्यली.”

“तुमी समोर पाहा.”

रोहिणखेडच्या दारात तानाबाई अक्का आधीपासूनच उभ्या होत्या. त्यांनी भावाची गाडी आतून पाहिली, खाटेवर बसून पाहिली, टाकीचा नळ सोडून पाहिला आणि म्हणाल्या, “देवा, माह्या घरापेक्षा बरं हाये गा हे! मी इथंच राह्यतो, तुमी दोघं जा मोटरसायकलनं.” मग त्यांना एकदम घड्याळ दिसलं. “अवं माया, बारा वाजाले आले! आज पुनव ना तुही? जेव पटकन. मंग म्हनशील अक्कानं उपाशी धाडलं.”

महामायाबाई जेवल्या, आणि जेवताना अक्का समोर बसून एकेक भाकरी अशी वाढत राहिल्या, जणू बाराच्या ठोक्याला चूल विझणार आहे.

जेवण झाल्यावर अक्कांनी घरातून एक गुंडाळी आणली. उलगडली तर गाडीच्या रुंदीचा फ्लेक्स! मधोमध ध्यानस्थ बुद्ध, मागे महाबोधी विहार, वर मोठ्या अक्षरांत ‘बोधगया दर्शन, मंगल कामना’. एका कोपऱ्यात गॉगल घातलेला देवानंद. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून तानाबाई, त्यांचे यजमान, दोन्ही मुलं, सुना, नातवंडं, सगळ्यांचे गोल गोल फोटो. सगळ्यांत मोठा अक्कांचा.

“कार्तिकात निघाल तवा माह्यानं येनं होत नाई. म्हून आजच बांधून देतो.”

देवानंद हरखला. डेपोत नवी गाडी आली की तिला हार-तोरणं बांधायची, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यानं स्वतः सुतळी घेतली आणि फ्लेक्स गाडीच्या तोंडावर बंपरपासून काचेच्या खालपर्यंत असा ताणून बांधला की एक सुरकुती दिसेना. अक्कांनी हात जोडले. महामायाबाईंनीही जोडले. मग गव्हाचं पोतं, तुरीची डाळ, सीताफळांची पाटी असं अक्कांचं प्रेम मागच्या दारानं आत चढलं आणि गाडी निघाली.

ऑक्टोबरचं ऊन चांगलंच तापलं होतं. मोताळा मागं पडलं आणि महामायाबाईंनी आकडा वाचला, “सत्त्याण्णव.”

“किती?”

“सत्त्याण्णव. सकाळी इथंच सत्त्याऐंशी होतं.”

“अक्कानं अर्धं घर लादून देलं. वजन नाई का वाढलं?” देवानंदनं डॅशबोर्डवरच्या जुन्या काट्याकडं बोट केलं. “हे पाह्य, काटा मधात हाये. सकाळपासून मधातच हाये. कंपनीचा काटा खोटा आन तुह्या पोरीची डबी खरी?”

घाट सुरू झाला. पहिल्या वळणाला शंभर, दुसऱ्याला एकशे दोन. महामायाबाई प्रत्येक आकडा हळूच उच्चारत होत्या आणि प्रत्येक आकड्याबरोबर बोधगया एकेक मैल लांब सरकत असल्यासारखं त्यांना वाटत होतं. त्यांनी त्या पिंपळाखाली बसायचं मनात कितीदा ठरवलं होतं! इतकी वर्षं कुणाला बोलल्या नव्हत्या, कारण मागितलं की घरातल्या कशावर तरी काट मारावी लागे. आता सगळं जुळून आलेलं, आणि मध्ये हा तळहाताएवढा पडदा.

“एकशे चार,” त्या म्हणाल्या.

देवानंदनं एक हात सोडला, खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि पडद्यावर टाकला.

“अवो, हे काय?”

“डोक्शाले ताप देऊन राह्यली ते डबी. आता वरी जाऊन थांबू. चढावर थांबली तं लोड गाडी उचलाची कशी? आन हे पाह्य, संजूनं विचारलं तं पंच्याण्णव सांगजो.”

महामायाबाईंनी टॉवेलाला हात लावला नाही. मांडीवरचे हात मांडीवरच ठेवून त्या हळू म्हणाल्या, “झाकल्यानं ते थंड नाई होत.”

“मले शिकोतं का आता?”

“नाई. तुमाले गाडी माह्यापेक्षा जास्त समजते. पन तिनं विचारलं तं मी खरं सांगीन. मंग बोधगयेले जानं होवो का न होवो.”

“तुले जायचं हाये का नाई?” देवानंदचा आवाज चढला. “मी कोनासाठी करून राह्यलो हे?”

“मले तुमच्यासंगं जायचं हाये,” त्या म्हणाल्या. “आन तुमच्यासंगंच वापस यायचं हाये. त्या बारीले, छातीत कळ आली तवा, तुमी थांबले नाई. मी इकडं फोनपाशी बसून होती.”

एक वळण गेलं. इंजिन घरघरत चढत होतं, कानाला ठीकच वाटत होतं. अजून एक वळण गेलं. देवानंदची नजर दोनदा टॉवेलाकडं गेली आणि दोनदा रस्त्यावर परतली. तिसऱ्या खेपेला त्यानं टॉवेल स्वतःच ओढला.

एकशे सात. आणि त्याच क्षणी पडदा लाल होऊन टीं टीं करायला लागला.

पुढं कठड्याजवळ थोडी मोकळी जागा होती. तिथं त्यानं गाडी घेतली, हँडब्रेक लावला. इंजिन लगेच बंद केलं नाही, नुसतं चालू ठेवलं. “एकदम बंद केलं तं अजून तापते,” असं स्वतःशीच पुटपुटला. खाली उतरून चाकामागं दगड लावले आणि मग कठड्यावर बसला. पंचवीस वर्षं हा घाट त्यानं डोळे मिटून चढला होता. आता तोंडावरून हात फिरवत म्हणाला, “जाऊ दे. नाई होत आपल्याच्यानं.”

महामायाबाई त्याच्याजवळ उभ्या राहिल्या. त्यांना इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण एक गोष्ट मनातून जात नव्हती. “घाट लागायच्या आंधीच दहा वाढलं होतं,” त्या म्हणाल्या. “सपाटीवरच.”

“वजन...”

“दोन पोत्यानं इतकं वाढते? तुमी तं पन्नास मानसं घेऊन चढत होते.”

देवानंदनं मान वर केली. खरं होतं. मग त्यानं रेडिएटरच्या टोपीला हात न लावता गाडीखाली वाकून पाहिलं, पाण्याची गळती नव्हती. पंख्याचा पट्टा ठीक. पंखा फिरत होता. तेवढ्यात गरम वाऱ्यानं फ्लेक्सचा एक कोपरा सैल होऊन फडफडायला लागला. बुद्धाचं चित्र असं फडफडू नये म्हणून महामायाबाई सुतळी आवळायला पुढं गेल्या. त्यांचा हात फ्लेक्सच्या मागं गेला आणि चटकन मागं आला.

“अवो, इकडं या. चुलीत हात घातल्यावानी लागून राह्यलं.”

देवानंदनं हात घालून पाहिला. मग तो दोन पावलं मागं सरला आणि गाडीच्या तोंडाकडं पाहतच राहिला. बंपरपासून काचेपर्यंत, रेडिएटरपुढच्या जाळीचं एक भोकही उघडं नव्हतं. वारा आत जायला वाटच नव्हती, आणि ती वाट त्यानं स्वतःच्या हातानं, सुरकुती न ठेवता बंद केली होती.

“हात तिच्या! मी बांधलं वं. मीच बांधलं!” आधी त्यानं कपाळावर हात मारला आणि मग त्याला हसू आलं. “इंजनाचं नाक दाबलं आपन. आन त्याच्यावर अक्काचा फोटो!”

तरी सुतळी सोडायला त्याचा हात होईना. वर तथागत होते, बहिणीची माया होती. महामायाबाईंनी चपला काढल्या, चित्रासमोर वाकून नमस्कार केला आणि पहिली गाठ स्वतः सोडली. फ्लेक्सची घडी न घालता नीट गुंडाळी केली आणि आतल्या खाटेवर नेऊन ठेवली.

गाडी तशीच चालू होती. पडदा शंभरावर आला, सत्त्याण्णव, त्र्याण्णव. घाटातून जाणारा एक ट्रकवाला ओरडला, “काय झालं काका?” देवानंद म्हणाला, “काई नाई, श्वास घेऊन राह्यली.” सीताफळं, पोतं, सगळं होतं तसंच ठेवून त्यानं पहिला गिअर टाकला. उरलेला घाट ती शहाण्णवच्या वर गेली नाही. या खेपेला प्रत्येक वळणाला तोच विचारत होता, “किती?”

माथ्यावर पोचताच फोन वाजला. महामायाबाईंनी तो दोघांना ऐकू येईल असा लावला.

“आई, चढली का? जास्तीत जास्त किती गेला?”

देवानंदनं बायकोकडं पाहिलं, पण काही सुचवलं नाही.

“एकशे सात,” महामायाबाई म्हणाल्या.

“मग?”

“मंग तुह्या बाबानं गाडी थांबोली.”

“कोणी? बाबांनी?” संजीवनीचा आवाज बदलला. “भर घाटात? तू ओरडलीस का?”

“म्या काऊन ओरडू? टॉवेल टाकला होता त्यायनं त्या डबीवर. मंग त्यायनंच काढला आन थांबोली.”

आता मात्र लेक हसली की रडली ते नीट कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. “टॉवेल! बाबा, टॉवेल टाकला होता तुम्ही?”

“हाव,” देवानंद मान खाली घालून म्हणाला. “चुकलंच. आन ते गरमीचं कारन सापडलं पोरी. तुह्या आत्यानं...” त्यानं फ्लेक्सची सगळी कथा सांगितली. शुभेच्छुकांपर्यंत येईस्तोवर संजीवनी खिदळत होती. “पन अट तं अट,” तो शेवटी म्हणाला. “एकशे पाचच्या वर गेली. तू म्हनशील तसं.”

पलीकडं दवाखान्यात कुणीतरी कुणाला हाक मारत होतं.

“अट आकड्यासाठी नव्हती हो बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही थांबाल का, एवढंच मला पाहायचं होतं. आणि थांबलात.” मग घाईघाईनं, जणू तिलाच आपला धीर सुटायची भीती, “कार्तिकात मला सुटी किती मिळते ते विचारते. सांचीपर्यंत तरी येते मी. येऊ ना?”

फोन ठेवल्यावर देवानंद मागं गेला. महामायाबाईंनी वळून पाहिलं, तर तो गव्हाचं पोतं बाजूला ओढून दोन खाटांच्या मधली जागा वितीनं मोजत होता.

“काय करता?”

“तिसरी खाट कुठी बसोवू ते पाहून राह्यलो. ते लांब हाये वं आपली पोरगी. पाय बाहीर निंघतीन तिचे.”

महामायाबाई खिडकीसमोरून बाजूला सरकल्या, म्हणजे त्याला मोजायला उजेड मिळेल.